ठेका थांबत नाही तोवर

पंढरीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत चालत होतो. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं. माउलींचा अश्व दिंड्यांच्या रांगांमधून दौडत गेला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला एकच झुंबड उडाली. आमच्या दिंडीतल्या नांदेडकडच्या मावशींनी चिमूटभर माती पदरात बांधली. पेरणीआधी रानात टाकणार म्हणाल्या. शेजारी चालणारा इंजिनीअरिंगचा मुलगा म्हणाला, "मावशी, माझा देवावर विश्वास नाही. मी माणसं बघायला आलोय."

"बघ की. पर टाळ नीट धर, ठेका चुकायलाय तुझा."

पुढे तरडगावपर्यंत दोघं एकाच ठेक्यात चालले. मी त्यांच्या मागे. तास-दीड तासानं आपलं पाऊल आपण टाकतोय हे भान सुटतं. कान मात्र तल्लख होतात, शेजारच्याला लागलेली धापही कळते.

मुक्कामाच्या तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहिल्या. पालखीच्या रथापुढच्या २७ आणि मागच्या सगळ्या. टाळ-मृदंगाचा नुसता गजर. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावला, 'होऽऽ' अशी आरोळी दिली आणि एवढा समुदाय क्षणात गप्प झाला.

एक दिंडी सोडून. त्यांचे टाळ चालूच होते.

मला वाटलं, त्यांना कळलं नसावं. मागचे एक बाबा म्हणाले, "तक्रार हाय त्यांची." ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तिनं टाळ वाजवत राहायचं, ही इथली रीत. चोपदार त्यांच्यापर्यंत चालत गेले. आदल्या मुक्कामी पाण्याचा टँकर त्यांच्या राहुट्यांपर्यंत पोचलाच नव्हता. ऐकून घेतलं, उद्याची सोय ठरली, तेव्हा कुठे ते टाळ थांबले. मग हरवलं-सापडलं पुकारलं: एक चष्मा, आधारकार्ड, दोन मोबाईल. त्यानंतर आरती.

हैबतबाबा आरफळकरांनी १९व्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली, ती मी आजवर रांगांची शिस्त समजत होतो. या सगळ्या शिस्तीत मला ही रीत सर्वात थोर वाटते. आपल्या सभांमध्ये, ग्रुपांवर एकोपा टिकवायचा म्हणून तक्रार करणाऱ्यालाच आधी गप्प बसवतात. इथे त्याचं ऐकू यावं म्हणून बाकीचे लाखभर लोक गप्प राहतात, आणि त्याचं समाधान होईपर्यंत आरतीसुद्धा थांबते.

रात्री राहुटीत वाद झाला. हरिपाठाच्या वेळी मोबाईल बंद हवेत, असं वीणेकरीबुवांचं म्हणणं. इंजिनीअरिंगच्या त्या मुलाची आई दवाखान्यात होती, त्याला फोन चालू हवा होता. बुवांनी त्याचं सगळं ऐकलं आणि ठरलं: आवाज बंद, फोन खिशात, आईचा आला तर उठून बाहेर जायचं.

हरिपाठ झाल्यावर मावशींनी त्याला विचारलं, "आमच्याकडं पाऊस पडला का, दिसतंय का त्यात?" त्यानं ढगांचा नकाशा दाखवला. मावशींनी तो नीट पाहिला आणि तरी लेकाला फोन लावायला सांगितला. ओल किती गेली, ते त्यांना हवं होतं. वीतभर गेली होती.