पाय गेलेल्या कोंबडीची आंघोळ, रेडिंगहून घणसोलीला

आधीच सांगते, धडधाकट कोंबडीला आपण आंघोळ घालायची काही गरज नसते. ती तिची ती करते, कोरड्या मातीत नाहीतर चुलीच्या राखेत खड्डा करून लोळते, पंख मारून मारून धूळ पार कातडीपर्यंत घेते आणि मग उभी राहून सगळी झटकून टाकते, उवा-पिसवा त्यातच कमी होतात. मग शेपटीच्या बुडाशी तेलाची एक छोटी ग्रंथी असते तिथे चोच घासून ते तेल एकेका पिसाला लावत बसते. पण या सगळ्याला पाय लागतात. जिचे पाय गेले ती जिथे बसते तिथेच शी करते आणि त्याच्यातच बसून राहते, मागची पिसं चिकटून त्याचे गोळे होतात, खालची कातडी लाल होते, आणि मग माश्या येतात. माश्यांनी अंडी घातली की उकाड्यात एका दिवसाच्या आत अळ्या होतात आणि त्या जिवंत कोंबडीला आतून खायला लागतात. म्हणून आंघोळ. हौस म्हणून नाही.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, माहेर नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातलं. इथे मागच्या अंगणात कोंबड्या पाळणारी माणसं भरपूर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे फार्मवरून काढलेल्या कोंबड्या असतात. इथे ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट नावाची संस्था आहे, 2005 पासून ते हेच काम करतात, दीड वर्षाच्या आसपास झालेल्या, अंडी कमी झाली म्हणून कत्तलखान्यात जाणार असलेल्या कोंबड्या फार्मवाल्यांकडून घेऊन घरांना देतात. आमची शेवंती तशीच आली. तांबूस रंग, तुरा फिका पडून एका बाजूला लोंबणारा, पाठीवर पिसं कमी. या जातीच्या कोंबड्या वर्षाला 300 च्या आसपास अंडी देतात, आपली गावठी कुठे एवढी देते, आणि एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं, ते खाण्यातून पुरलं नाही की हाडांतून निघतं. त्यामुळे अंडी देऊन देऊन हाडं ठिसूळ होतात. शेवंती आधी लंगडायला लागली, मग गुडघ्यावर बसल्यासारखी बसायला लागली आणि एका हिवाळ्यात उठायचीच बंद झाली. डॉक्टरांनी पाय तपासले, हाड मोडलेलं नव्हतं, पायातली ताकद गेली होती आणि ती परत येईल असं त्यांनी काही सांगितलं नाही. पण ती खात होती, आवाज देत होती, मी दार उघडलं की मान लांब करून बघत होती. मग मी ठरवलं की हिचे पाय जे करत होते ते आपण करायचं.

तेव्हापासून घरच्या ग्रुपवर तिचे फोटो जातात. आत्याला आधी नवल वाटायचं, घणसोलीत आमच्याकडे पूर्वीपासून कोंबड्या आहेत, पण पाय गेलेली कोंबडी ठेवून कोणी तिची सेवा केलेली तिने बघितली नव्हती आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं, घरात तेवढा वेळ कोणाकडे असायचा. मग या पावसाळ्याच्या तोंडावर तिचाच व्हिडिओ कॉल आला, "काय गो बाय, ही पांढरी उठतच नाय." पांढरी म्हणजे तिची जुनी कोंबडी, अंगणातल्या सगळ्या पिल्लांची आई, आणि आत्याला ती कापायची नव्हती हे तिच्या आवाजातच कळत होतं. त्यानंतर आम्ही फोनवरूनच सगळं केलं, आत्या, वहिनी आणि मी. ते इथे लिहून ठेवते, कारण ग्रुपवर आणखी दोघींनी विचारलंय, एक ठाण्याजवळच्या दिव्याची आणि एक कळव्याची.

आंघोळीच्या आधी पाय का गेले ते बघा, हे मी सगळ्यांना सांगते. तळव्याला काळी खपली आणि सूज असेल तर ते बंबलफूट, जखमेतून जंतू आत गेलेले असतात, त्याला उपचार आहे. कोंबडी पेंग्विनसारखी उभी राहून शेपटी वरखाली करत असेल, जोर लावत असेल, तर अंडं अडकलेलं असू शकतं आणि मग उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. कोवळ्या तलंगेचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीचा, एक पाय पुढे आणि एक मागे असा पसरला असेल तर मरेक्स या रोगाचा संशय घ्यायचा, हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी 1907 मध्ये पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं, त्याला औषध नाही, लस आहे पण ती पिल्लू एक दिवसाचं असतानाच द्यावी लागते आणि आपल्याकडे अंगणात कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती कोण देतंय. आणि एकदम दोन-चार कोंबड्या आजारी पडल्या, माना वाकड्या झाल्या, पटापट मेल्या, तर ती मानमोडी असेल किंवा बर्ड फ्लू असेल, तेव्हा आंघोळ वगैरे काही नाही, हात लावायचा नाही, सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. आपल्याच ठाणे जिल्ह्यात 2022 च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला होता, त्यामुळे हे काही लांबचं नाही.

पांढरीचं म्हातारपण होतं आणि एक पाय पूर्वी कधीतरी दुखावलेला, बाकी तब्येत ठीक. मग आंघोळ.

वेळ दुपारची निवडायची, ऊन असेल तो दिवस, आणि खाऊन लगेच नाही, कारण छातीच्या वर उजव्या बाजूला दाण्यांची पिशवी असते ती भरलेली असताना दाब पडला तर दाणापाणी वर येऊन श्वासनळीत जाऊ शकतं. कपडे धुवायचा प्लॅस्टिकचा टब चालतो, तळाला जुना टॉवेल टाकायचा म्हणजे घसरत नाही, कारण पाय गेलेल्या कोंबडीला घसरण्याचीच जास्त भीती वाटते. पाणी कोमट, बाळाच्या आंघोळीला घेतो तसं, 37-38 डिग्री, कोपर बुडवून बघायचं. कोंबडीचं स्वतःचं अंग 41 डिग्रीच्या आसपास असतं म्हणून आपल्याला कोमट लागलेलं पाणी तिला गरम लागत नाही आणि गार पाणी मात्र तिला फार गार लागतं. पाणी किती, तर बसल्यावर पंखांच्या खालपर्यंत, मान आणि डोकं पूर्ण बाहेर.

धरायचं कसं हे वहिनीला दोनदा दाखवावं लागलं कॅमेऱ्यावर. एक हात छातीखाली, तळहात उघडा, बोटं पायांच्या मधून, आणि दुसरा हात पंखांवरून. आवळायचं नाही. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हा त्यांचा श्वास होतो, म्हणजे छाती घट्ट धरली तर नाक मोकळं असूनही कोंबडी गुदमरते. आणि पाठीवर उताणी करून धुवायचं नाही, कितीही सोपं वाटलं तरी.

पाण्यात ठेवल्यावर लगेच चोळायला जाऊ नका. पाच-दहा मिनिटं तशीच बसू दे. शेवंती पहिल्यांदा मान ताठ करून इकडेतिकडे बघते, मग पिसांच्या आतून बुडबुडे निघायला लागतात, पोटाखालची मऊ पिसं पाण्यात उघडतात आणि थोड्या वेळाने तिची मान खाली यायला लागते. कोंबडीची खालची पापणी वर येते डोळा मिटताना, ती हळूहळू वर येते, मध्येच उघडते, परत येते. तेव्हा तिचं डोकं माझ्या मनगटावर टेकवते कारण झोप लागून चोच पाण्यात जाऊ शकते, एकटीला टबमध्ये सोडून टॉवेल आणायला जायचं नाही, सगळं आधी हाताशी.

तोपर्यंत मागचे गोळे भिजलेले असतात. ते ओढायचे नाहीत, पिसाबरोबर कातडी येते, आणि कोंबडीची कातडी कागदासारखी पातळ आहे. बोटांच्या चिमटीत धरून पाण्यातच चुरायचे, पिसाच्या दिशेने खाली खाली सोडवत न्यायचे, अगदीच दगड झाला असेल तर पीस कातडीपासून लांब कापायचं. पांढरीच्या मागे असा एक गोळा होता, वहिनीने तो चुरता चुरता तीन वेळा पाणी बदललं आणि खाली कातडी लालभडक निघाली, नशीब अळ्या नव्हत्या. शाम्पू लागलाच तर लहान मुलांचा, चार थेंब, फक्त मागच्या भागाला. भांडी घासायचं लिक्विड किंवा डेटॉल नको, पिसांवरचं तेल सगळं निघून जातं आणि जिला स्वतः तेल लावायला वाकता येत नाही तिची पिसं मग पावसाळ्यात लगेच भिजतात. साबण पूर्ण निघेपर्यंत मगाने पाणी सोडायचं, दुसऱ्या टबात कोमट पाणी तयार असलेलं बरं.

आंघोळीचा खरा फायदा असा की या निमित्ताने सगळं अंग बघून होतं. मी पंखाखाली बघते, तिथे उवा लपतात. तळवे बघते. छातीचं मधलं हाड बोटाने चाचपते, बसून बसून तिथे फोड येतो, माणसाला अंथरुणात जखमा होतात तसाच. नखं बघते, कारण चालत नाही म्हणजे झिजत नाहीत, टोकाला थोडीशीच कापायची, आत लाल रेषा असते तिथपर्यंत जायचं नाही.

आणि वाळवणं. इथे इंग्लंडात थंडीमुळे मी घरात आणून टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घेते आणि मग हेअर ड्रायर सगळ्यात कमी गरमवर, हातभर लांब, सतत हलता, माझा हात मध्ये. घणसोलीत थंडीचा प्रश्न नाही पण जुलैत हवेतच पाणी असतं, वरची पिसं कोरडी दिसतात आणि पोटाखालचा कापूस तसाच ओला राहतो, तिथे मग वास आणि माशी. त्यामुळे ड्रायर तिकडेही लावा, पोटाखाली बोटं घालून बघा, गार लागलं म्हणजे ओलं आहे. आत्याने पहिल्यांदा ड्रायर लावला तेव्हा पांढरीने पंख थोडे पसरले आणि तशीच बसून राहिली, आत्या हसायला लागली आणि मग पुढे ते काम तिने कोणाला दिलंच नाही.

पूर्ण आंघोळ रोज नको. रोज फक्त मागचा भाग ओल्या कपड्याने पुसायचा आणि खालचं अंथरूण बदलायचं, जुन्या साडीच्या घड्या उत्तम, दिवसातून दोन-तीनदा बाजू बदलून बसवायचं.

बाकी तिला लागतं ते उभं राहणं. इथे लोक कोंबडीसाठी झोळीची खुर्ची बनवतात, कापडाला पायांसाठी दोन भोकं आणि मागे शी पडायला एक मोठं भोक, तळवे जमिनीला जेमतेम टेकतील एवढी उंची, आणि चोचीसमोर दाणापाणी. माझी पाइपची आहे. घणसोलीत आतेभावाने प्लॅस्टिकचं स्टूल उलटं करून त्याच्या चार पायांना जुन्या टीशर्टचं कापड बांधलं आणि ते माझ्यापेक्षा भक्कम झालं. सुरुवातीला थोडाच वेळ, ती कंटाळली, मान टाकली की बाहेर. त्या वेळात छातीच्या हाडाला आराम मिळतो, कातडीला वारा लागतो आणि पाय थोडे हलतात.

पाणी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात बरंच जास्त, आणि वाटी चार बोटं लांब असली तरी पाय गेलेली कोंबडी तिथे पोचत नाही, तहानलेली बसून राहते आणि आपल्याला वाटतं आजाराने सुस्त झाली. जड वाटी, चोचीच्या बाजूला, दर थोड्या वेळाने बघायची. खाण्यात इथे एक कायदा आहे जो आपल्याकडे ऐकून सगळे थक्क होतात, घरच्या स्वयंपाकघरातलं उरलेलं अन्न कोंबडीला घालायला बंदी आहे, रोगाच्या भीतीने, घर पूर्ण व्हीगन असेल तरच चालतं. आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी असली तरी सरकारकडे नोंद करावी लागते. घणसोलीत पांढरीला भात, कणी, भिजवलेला कोंडा आणि थोडा जवळा मिळतो. फक्त खारवलेलं सुकट नको, मीठ कोंबड्यांना सोसत नाही. आणि दुखतंय म्हणून आपल्या मनाने माणसाची गोळी तर अजिबात नको.

एकटी ठेवू नका. पण मोकळीही सोडू नका, कारण कोंबड्यांमध्ये वरखाली ठरलेलं असतं आणि पडलेलीला बाकीच्या टोचतात, रक्त दिसलं की थांबत नाहीत. मी इथे जाळीचा आडोसा विकत आणला. आत्याने काही विचारलंही नाही, सरळ डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची टोपली, घेतलं आणि अंगणाच्या मध्ये पांढरीवर घातलं. तिला सगळं दिसतं, तिची पिल्लं आता मोठी झालीत ती डालग्याला टेकून बसतात, आणि टोचायला कोणाची चोच पोचत नाही. इथल्या माझ्या मैत्रिणींना मी तो फोटो पाठवला, दोघींनी विचारलं कुठे मिळतं.

ग्रुपवर एकीने विचारलंय की हे किती दिवस करायचं. मी रोज तीन गोष्टी बघते, खाते का, मी आले की मान वर करते का, आणि पिसं साफ करायचा प्रयत्न करते का, पोचो न पोचो. तिन्ही बंद झाल्या आणि तशाच राहिल्या तर मी तिला ओढत ठेवणार नाही, डॉक्टरकडे नेऊन शांतपणे झोपवणार, आणि आत्यालाही तेच सांगितलंय. तिकडे जवळचा पशुवैद्य कोंबडी बघायला तयार नसेल तर मुंबईत परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. आधी फोन करा, खोक्याला भोकं पाडा, खाली घसरणार नाही असं कापड घाला आणि सकाळच्या गर्दीच्या लोकलने नेऊ नका.