५० रुपये ८१ पैसे शॉर्ट

२०२५ च्या जानेवारीत आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात गेलो, तर काउंटरमागच्या भिंतीवर माझा राऊटर लटकलेला दिसला.

माझा म्हणजे खरं तर कंपनीचाच. पण ओळखू न यायला काय झालं? उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या नातीनं त्याच्या कपाळावर निळ्या मांजराचं स्टिकर चिकटवलं होतं. मी ते खरवडून काढायला गेलो तेव्हा मांजराचा एक कान फाटला आणि बाकीचं मांजर तिथंच राहिलं. तोच फाटका कान. हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते. आणि नेमका हाच राऊटर मी परत केला नाही म्हणून १७७० रुपये भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई होईल, असा त्या आठवड्यातला चौथा मेसेज माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये होता.

आधी माझ्याबद्दल थोडं, नाहीतर पुढचा चिवटपणा कळणार नाही. मी ३४ वर्षं कॅशियर होतो. स्टेट बँक ऑफ हैदराबाद, म्हणजे आमच्या मराठवाड्यातल्या लोकांच्या तोंडची ‘हैदराबाद बँक’. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत विलीन झाली, पाटी बदलली, पासबुकं बदलली. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, हे मात्र बदललं नाही. दहा रुपयांची नोट कमी भरली तरी सगळी बंडलं पुन्हा मोजायची. नाहीच सापडली तर खिशातून भरायची. निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. दूधवाला, गॅस, वीजबिल, सगळं एका लांबट वहीत आहे. आमच्या घरी त्या वहीला ‘दुसरी बायको’ म्हणतात. कोण म्हणतं ते सांगायला नको.

तर २०२३ च्या जूनमध्ये आम्ही अंबाजोगाईच्या घरी फायबरचं कनेक्शन घेतलं. ५० एमबीपीएस, महिना ५९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०६ रुपये ८२ पैसे. राऊटरपोटी १००० रुपये सुरक्षा ठेव. बसवायला आला तो केबलवाल्याचा पोरगा, विशीतला असेल. त्यानं मोबाईलवर यूपीआय ऑटोपे चालू करून दिलं. मी वहीत प्लॅन लिहिला, ठेव लिहिली आणि सवयीनं राऊटर उलटा करून त्याच्या बुडाचा सीरियल नंबरही लिहिला. पोरगा हसला. म्हणाला, “काका, हे काहून लिहून घेऊलालात?” मलाही तेव्हा उत्तर नव्हतं.

पहिलं वर्ष बरं गेलं. पुढं संध्याकाळ झाली की वेग पडायला लागला. सात वाजता नात पुण्याहून व्हिडिओ कॉल करायची आणि तिचं तोंड उघडं असतानाच चित्र गोठायचं. फोन करून सांगितलं, चार-पाच एमबीपीएसच्या वर येत नाही. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “सर, वायफायवर नाही, लॅन केबल लावून टेस्ट करा.” तसं बोलणं चूक नाही, वायफायवर वेग कमी दिसतो. पुतण्याचा लॅपटॉप आणून केबल लावली, तर पाच. आणि सरकारी व्याख्येप्रमाणे हे पाचही ब्रॉडबँडच! २०२३ च्या जानेवारीत ही किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून वाढवून २ एमबीपीएस केली. म्हणजे नावाला कुणी बोट लावू शकत नाही. आपली तक्रार करायची ती जाहिरातीतल्या ५० वर.

ऑगस्ट २०२४ मध्ये रस्त्याचं काँक्रीट सुरू झालं, जेसीबीनं केबल तोडली आणि राऊटरवर लाल दिवा लागला. ११ दिवस तो लालच. मी रोज तक्रार नोंदवायचो, रोज संध्याकाळी मेसेज यायचा की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. लाल दिव्यासमोर बसून हा मेसेज वाचायला फार गंमत वाटते. बिल पूर्ण महिन्याचं कापलं गेलं. दुरुस्ती तीन दिवसांच्या पुढं लांबली तर भाड्यात सूट द्यावी, अशी सोय दूरसंचार नियामकाच्या नियमांत आहे. फोनवरच्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही.

भाड्यातल्या त्या सुटीचा हिशेब करायला म्हणून ऑक्टोबरात बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि डोकंच फिरलं. तीन महिन्यांपासून ७०६.८२ ऐवजी ८२३.६४ कापले जात होते. फरक ११६.८२. म्हणजे ९९ अधिक जीएसटी. बिल उघडून पाहिलं तर ‘एंटरटेनमेंट पॅक’. आमच्याकडं एंटरटेनमेंट म्हणजे सकाळी सह्याद्री वाहिनी आणि दुपारी हिची झोप. कुणी मागितला हा पॅक? तर म्हणे एक महिना फुकट होता, तुम्ही बंद करा असं कळवलं नाही, म्हणून चालू राहिला. माझ्या काउंटरवर मी असं केलं असतं तर? ‘साहेब, तुम्ही नको म्हणाला नाहीत म्हणून तुमच्या खात्यातून शंभर रुपये काढले’?

यात माझीही चूक आहे. ऑटोपेचे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि सूचना येतही होत्या. मी रक्कम न वाचता पुसत होतो. ३४ वर्षं आकडे वाचून खाल्ले आणि स्वतःच्याच खात्यावर डोळा लागला. त्याच दिवशी यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द केलं. त्याला कंपनीची परवानगी लागत नाही, दोन मिनिटांचं काम. ते केलं म्हणून पुढं कंपनीला माझ्या मागं लागावं लागलं, नाहीतर परस्पर काढून घेतले असते.

सोडायचं ठरलं. मोबाईलला बरं असतं, १९०० वर मेसेज करा, नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जा. ब्रॉडबँडला असं पोर्ट करणं नसतं. नवी वायर, नवं भोक, नवा राऊटर. मी जुनं बंद करायच्या आधी नवं घेतलं आणि पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवली. हिनं विचारलंही, “अहो, दोन दोन इंटरनेट कशाला, एका घरात?” पण संध्याकाळी सात वाजता नात नीट दिसते की नाही हे पाहिल्याशिवाय मला जुनं तोडायचं नव्हतं. नव्या माणसाला आधी एकच विचारलं: तुमची वायर कोणत्या खांबावरून येते? आमच्या गल्लीत तीन कंपन्यांच्या वायरी एकाच खांबाला वेटोळे घालून बसल्यात, जेसीबी आला की तिन्ही एकदम जातात. ही मागच्या बोळातून येते. सहा महिन्यांचे एकदम भरले तर सूट होती. घेतली नाही. महिन्याचं महिन्याला.

नोव्हेंबरात जुनं कनेक्शन बंद करा म्हणून कळवलं, डॉकेट नंबर म्हणजे नोंदीचा क्रमांक घेतला. राऊटर न्यायला तोच पोरगा आला. चहा घेतला, हिच्या गुडघ्याची चौकशी केली. मी पावती मागितली. “काका, पावतीबुक मालकाकडं हाय. काहून टेन्शन घेऊलालात, मी हाव ना.” राऊटर डिकीत टाकून तो गेला.

आणि मी जाऊ दिला. आयुष्यभर कुणाला काउंटरफॉईलशिवाय हलू दिलं नाही, खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्यांनासुद्धा ‘पावती सांभाळा’ म्हणून हाका मारल्या. आणि घरचा चहा प्यायलेल्या पोराकडं कागद मागायची मला लाज वाटली.

डिसेंबरात मागणी आली. राऊटर जमा नाही, १५०० अधिक जीएसटी, १७७० रुपये. ठेवीच्या हजाराचा उल्लेखही नाही. मग वसुलीवाल्यांचे फोन. एकानं मला सिबिल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तसं बरं समजावत होता.

आणि मग जानेवारीत ते मांजर.

दुकानदाराला म्हटलं, राऊटर जरा उलटा करून बघू का? त्यानं काढून हातात दिला. वही घरी होती, पण नंबरचे शेवटचे चार आकडे तोंडपाठ होते. जुळले. “नवाच म्हणून दिला की काका, पंधराशे घेतले,” दुकानदार म्हणाला. म्हणजे एकाच डबड्याचे त्याच्याकडून घेतले आणि माझ्याकडूनही मागत होते. फोटो काढले, एक पूर्ण राऊटरचा, एक नंबराचा. दुकानदारानं त्याच्या बिलाची झेरॉक्सही दिली, वर दोन रुपये घ्यायला तयार नाही.

इथून पुढं मी फोन करणं सोडून दिलं. या कंपन्यांचा सगळा कारभार तोंडी आहे. तोंडी आश्वासन, तोंडी माफी, बदली झाल्यासारखं दर वेळी नवं माणूस. कागद आला की गडबडतात. ट्राय, म्हणजे तोच दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही, तिथं लिहून उपयोग नाही. पण ट्रायच्याच २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला दोन पायऱ्या ठेवाव्या लागतात. पहिली तक्रार केंद्राची, जिथं डॉकेट नंबर मिळतो. तिथं समाधान झालं नाही तर दुसरी, अपील प्राधिकाऱ्याची. अपिलाला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्या प्राधिकाऱ्याचा ईमेल कंपनीच्या वेबसाईटवर अगदी तळाला होता, भिंग लावून वाचावा असा. ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वरही तक्रार नोंदवून ठेवली, तिथला तक्रार नंबर वेगळा.

अपील एका पानाचं लिहिलं. राग नाही, विशेषणं नाहीत, बँकेच्या पत्रासारखं. सगळे डॉकेट नंबर तारखांसह. खाली हिशेब: न मागितलेला पॅक, ३ महिने, ३५०.४६. बंद राहिलेले ११ दिवस, ऑगस्टच्या ३१ दिवसांवर भागून, २५०.८१. ठेव १०००. एकूण येणे १६०१.२७. राऊटरची मागणी रद्द करावी, फोटो सोबत. शेवटी एक ओळ: ३९ दिवसांत उत्तर न आल्यास बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालतच नाहीत, असं कंपन्या २००९ च्या एका निकालाचा आधार घेऊन म्हणायच्या. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, चालतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आणि बीडला एसटीनं जाऊन अख्खा दिवस घालवायचीही गरज नाही, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल सुरू झालंय, घरून दाखल करता येतं. (अंबाजोगाई जिल्हा झाला असता तर आयोग चालत जायच्या अंतरावर असता. पण ती मागणी माझ्या तरुणपणापासूनची, तिचं अपील कुठं करायचं ते मला सापडलेलं नाही.)

२३ व्या दिवशी उत्तर आलं. राऊटरची मागणी ‘नजरचुकीनं’ गेली होती, रद्द. ठेव परत. पॅकचे पैसे परत. ११ दिवसांबद्दल मात्र चूक मान्य नाही, ‘सदिच्छा म्हणून’ २०० रुपये. मार्चमध्ये पैसे खात्यात आले. दुकानदारानंही माझी वाट धरली, त्याचं पत्र मीच लिहून दिलं.

फेब्रुवारीत एकदा नव्या कनेक्शनचा दिवा लाल झाला. तासाभरात माणूस आला, नव्या कंपनीचा टी-शर्ट घातलेला. तोच पोरगा! मला बघून दारातच थबकला. “काका, आईशप्पथ, म्या मालकाच्या टेबलावर ठिवला होता. पुढचं मला ठाव न्हाई. त्यानं माझा दोन महिन्यांचा पगारबी बुडवला.” मला खोटं वाटलं नाही. चहा झाला. जाताना त्यानं जुना ॲडाप्टर बदलून नेला, तेव्हा मी वही पुढं केली. त्यानं मुकाट्यानं तारीख घालून सही केली आणि विचारलं, “काका, पगाराचंबी असं लिहून मागता येतंय का?” पुढच्या रविवारी ये म्हटलं, सगळे कागद घेऊन. आला.

वहीतली नोंद सध्या अशी आहे: येणे १६०१.२७, जमा १५५०.४६, शॉर्ट ५०.८१.

हिनं परवा वही पाहून विचारलं, “आता पन्नास रुपयांसाठी कोर्टात जाणार का?”

“फी लागत नाही,” मी म्हटलं.