एसी बंद, आई खूश

एसी गेला त्याचं एवढं नाही. नवतप्यात, उन्हाळ्यातल्या त्या कडक नऊ दिवसांत गेला, त्याचंही आता काही वाटेनासं झालंय. नागपुरात वस्तू बिघडायच्या तर २५ मेनंतरच बिघडतात. खुपतंय ते वेगळंच. एसी बंद पडला आणि आईने हूं की चूं केलं नाही. उशी काखोटीला मारून ती सरळ हॉलमध्ये कूलरसमोर गेली. बाबा दारं लावून येईपर्यंत घोरायलाही लागली होती.

म्हणजे इतके दिवस ती त्या खोलीत माझ्यासाठी झोपत होती की काय?

मेकॅनिक येऊन गेला. "ताई, गॅस संपला." गेल्या उन्हाळ्यातही हेच सांगून भरून गेला होता. गॅस म्हणजे पेट्रोल नाही जळून संपायला. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतोय. एवढं माझंही आता पाठ झालंय. तसं म्हटल्यावर त्याने नाइलाजाने साबणाचा फेस मागितला. आउटडोअर युनिटपाशी तांब्याची नळी नटाने आवळलेली असते, तिथे लावला. बराच वेळ काहीच नाही. मग एक बारीकसा बुडबुडा फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा. "बघा!" तो म्हणाला, जसं काही त्यालाच आधीपासून माहीत होतं. नळीचं टोक कापून पुन्हा बसवायचं, आतली हवा ओढून काढायची, मग आर-३२ गॅस भरायचा. पण व्हॅक्यूम पंप दुसऱ्या साइटवर. सोमवारी येतो म्हणाला. कोणत्या सोमवारी ते मी विचारलं नाही.

आणि आई त्याला काय म्हणाली? "पन्हं घे बाप्पा, घाई नको करू."

घाई नको करू! ४५ अंशांत! (बाबा म्हणतात, ४५ कशावरून. २०२४च्या मेअखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले आणि नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला, तेव्हापासून त्यांचा कुठल्याच आकड्यावर विश्वास नाही.)

दवाखान्यातून तिला घरी आणलं त्या आठवड्यात घेतला होता हा एसी. हप्ते अजून चालू आहेत. जाऊ दे. दादाचा फोन आला होता, "कूलर आहे ना," म्हणाला. त्याच्याबद्दल आज नकोच.

पण सांगायचं ना मग! मी २४वर लावून झोपायचे आणि सकाळी रिमोटवर २८ असायचं. मे महिन्यात पायांत मोजे. विचारलं तर "छान वाटते," म्हणायची. छान वाटते म्हणणारी बाई एसी बंद पडल्यावर पाच मिनिटांत घोरते?

काल रात्री खोलीत स्लॅब असा तापलेला की पंखा नुसती वाफ खाली ढकलत होता. शेवटी गादी ओढत मीही हॉलमध्ये. कूलरला ताट्या यंदा वाळ्याच्या घातल्यात, त्यामुळे वास मात्र काय सुरेख! आपली हवा कोरडी, ओल्या ताटीतून आली की गार होते. मुंबईच्या पाहुण्यांना हे पटतच नाही, त्यांच्याकडे कूलर म्हणजे नुसता चिकचिकाट. आवाज मात्र गिरणीचा. त्या आवाजावर आवाज चढवून आई अंधारात बोलत होती. मावशीचं लग्न, गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणं घालायचो ते, पहाटे कुणाचं पांघरूण कुणी ओढलं ते. खोलीत ती कधी एवढी बोलली नव्हती. तुझी झोपमोड होते ना, म्हणे.

माझी झोपमोड! मला वाटायचं हिलाच गारव्यात शांत झोप लागते, म्हणून मी मोबाइलसुद्धा उशीखाली धरून बघत होते. दोघी एकमेकींसाठी गप्प, आणि वीजबिल माझं. रात्री टाकीतलं पाणी संपलं तेव्हा बादली घेऊन उठले तीही मीच. बाबा गाढ झोपेत होते, किंवा तसं दाखवत होते.

आज मेकॅनिकचा फोन. पंप मिळाला, संध्याकाळी येऊ का? आई कैऱ्या चिरत होती. "पाऊस पडल्यावर ये म्हणा त्याले, तेव्हा पैसेही कमी घेते तो."

मी म्हटलं, ये बाबा आजच. आता २४ नाही, २०वर लावून एकटीच झोपणार आहे.

"पांघरूण घेजो," आई म्हणाली.