मराठी शाळेतल्या मुलीला जर्मनीत झेपेल का?

खानापूरच्या बसस्थानकावर, लग्नाच्या मांडवात, कधी बेळगावच्या बाजारात भाजी घेताना लोक मला गेली काही वर्षे एकच प्रश्न विचारतात. विचारणारे बहुधा कुणाचे तरी आईवडील असतात आणि आवाज थोडा खाली आणून म्हणतात, "आमची पोरगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली की ओ. तिला तिकडं झेपंल काय?"

त्यांचे 'तिकडं' म्हणजे जर्मनी. खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत मी दहावी केली, बेळगावात पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी घेतली, आणि 2017 च्या हिवाळी सत्रात यंत्र अभियांत्रिकीच्या मास्टर्ससाठी जर्मनीला गेले. आता परत येऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. रस्त्यात उभ्या उभ्या 'झेपेल' एवढेच उत्तर देता येते आणि ते अपुरे आहे. म्हणून आज नीट लिहिते.

दहावी कोणत्या माध्यमातून झाली, हे तिथल्या कोणत्याही विद्यापीठाने मला विचारले नाही. मास्टर्सच्या प्रवेशासाठी पदवीचे विषय आणि गुण पाहतात, आणि इंग्रजीतून चालणाऱ्या अभ्यासक्रमाला आयईएल्टीएससारख्या परीक्षेचा निकाल मागतात. आपल्याकडे अभियांत्रिकी इंग्रजीतूनच होत असल्यामुळे मराठी माध्यमाची अडचण त्या टप्प्यापर्यंत मागे पडलेली असते. ती खरी भेटते पीयूसीच्या पहिल्या वर्षी, इथेच, बेळगावात. वेग, त्वरण, संवेग, जडत्व हे सारे मला पक्के समजलेले होते, पण वर्गात सरांच्या तोंडून येणारे इंग्रजी शब्द म्हणजे तेच, हे कळायला काही महिने गेले. वहीच्या मागच्या पानांवर मी दोन्ही शब्दांच्या जोड्या लिहीत असे. ज्या मुलीने ते वर्ष काढले, तिने परदेशातल्या पहिल्या सत्राची निम्मी तयारी इथेच केलेली असते, असे मी अनुभवाने सांगते.

याहून महत्त्वाची गोष्ट मला तिकडे गेल्यावर समजली. माझा अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी प्रयोगशाळेतली माणसे, घरमालकीण, दुकान आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून येणारी पत्रे जर्मनमध्येच असत, म्हणून मी जर्मन शिकायला बसले. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत आणि वर्गातल्या इतर देशांच्या मुलांना नपुंसकलिंग म्हणजे काय हेच उमगत नव्हते. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून ठाऊक असते. 'मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि ती जर्मनमध्ये नपुंसकलिंगी, याचे सगळ्यांना नवल वाटले. मला वाटले नाही, कारण आमच्या तालुक्याच्या पलीकडे गोव्यात कोकणी माणूस मुलीला 'तें चेडूं' म्हणतो, हे लहानपणापासून कानावर होते. अर्थात कोणत्या शब्दाचे लिंग कोणते, हे पाठच करावे लागते, त्यात मराठीची मदत होत नाही. 'कारण' किंवा 'जर' ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जाते, त्याचाही इतरांना त्रास झाला. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्याच्या जिभेला ती सवय आधीच असते.

जडत्वाला जर्मनमध्ये 'ट्रेगहाइट' म्हणतात, म्हणजे शब्दशः सुस्तपणा. आमच्या शाळेच्या पुस्तकातला शब्द जसा 'जड' वरून आलेला, तसाच तो त्यांच्या घरातल्या शब्दावरून आलेला. हायड्रोजनला ते 'वासरश्टोफ' म्हणतात, पाण्याचा पदार्थ, आणि ऑक्सिजनला 'झाउअरश्टोफ', आंबट पदार्थ. शेजारच्या कन्नड शाळेतल्या मैत्रिणीच्या पुस्तकात मी 'जलजनक' आणि 'आम्लजनक' हे शब्द वाचलेले होते. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच विचार करून शब्द घडवले आहेत, असे मला त्या दिवशी वाटले आणि मी मैत्रिणीला लगेच फोन केला. त्या शब्दांचे मूळ ग्रीकमधून आलेल्या युरोपीय नावांत आहे, हे पुढे वाचनात आले. तरीही त्या दुपारचा आनंद कमी झाला नाही. आपल्या भाषेत विज्ञान शिकलेल्या मुलीला जर्मन विज्ञान परके वाटत नाही, हे मला त्या सर्व पालकांना सांगायचे असते.

दुसरी सवयही उपयोगी पडली. तहसीलदार कार्यालयात कन्नड अर्ज हातात घेऊन "यात काय लिहायचं?" असे शेजारच्याला विचारणे आमच्या घरात कधी कमीपणाचे मानले गेले नाही. तिकडे जर्मन पत्र आले की मी ते घेऊन वसतिगृहातल्या मुलीकडे त्याच सहजतेने जात असे. मोठ्या शहरांतून आलेली, इंग्रजी उत्तम असलेली काही मुले विचारायला संकोचत आणि मुदती चुकवून बसत.

तेव्हा भाषेची भीती चुकीच्या जागी आहे. काळजी करायची तर कागदांची करा, आणि ती मुलगी पदवीच्या तिसऱ्या वर्षात असतानाच करा.

सर्वांत आधी नाव. आमच्या भागात एकाच माणसाचे नाव तीन लिप्यांतून फिरते. माझ्या वडिलांचे नाव महादेव. दहावीच्या गुणपत्रिकेवर ते इंग्रजीत मराठी उच्चाराप्रमाणे आले. जमिनीचा उतारा मात्र कन्नडमध्ये, आणि कन्नडमध्ये शेवटचा अकार पूर्ण उच्चारला जात असल्यामुळे त्याच्या इंग्रजी भाषांतरात शेवटी एक जादा 'ए' आला. बँकेच्या दृष्टीने ही दोन माणसे झाली आणि ती एकच आहेत हे नोटरीकडच्या अफिडेव्हिटने सिद्ध करावे लागले. गावाच्या नावाचेही तसेच. 1 नोव्हेंबर 2014 रोजी शहराचे इंग्रजी नाव 'बेळगाम' चे 'बेळगावी' झाले. माझ्या जन्मदाखल्यावर जुने नाव, पासपोर्टवर नवे आणि माझ्या तोंडात बेळगाव, तेव्हा जर्मनीतल्या कारकून बाईंनी अगदी सभ्यपणे विचारले की ही दोन वेगळी शहरे आहेत का. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांनी तो आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण पुढचे सगळे कागद पासपोर्टवरून बनतात.

मी गेले तेव्हा नव्हता असा एक टप्पा आता आहे. 1 नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागते. त्यात आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याची पडताळणी होते, तिला वेळ लागतो आणि प्रत्येक सत्राची गुणपत्रिका हाताशी असावी लागते. व्हिसासाठी कर्नाटकच्या रहिवाशाला बेंगळुरूच्या वाणिज्य दूतावासाचा रस्ता धरावा लागतो. नातलग मुंबईत असले, तरी त्याचा उपयोग नाही. मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून गेले, कागदांची फाइल उशाशी घेऊन.

गुणांचेही समजून घ्या. तिथे 1 हा सर्वोत्तम आणि 4 म्हणजे काठावर उत्तीर्ण. आपले गुण ज्या सूत्राने बदलतात, त्यात किमान उत्तीर्ण गुण 40 धरले तर 70 टक्क्यांचे 2.5 होतात, आणि अनेक ठिकाणी तीच सीमारेषा असते. म्हणून शेवटच्या वर्षी दोन-तीन टक्के वाढवण्याचे कष्ट वाया जात नाहीत.

आता पैसे. बहुतेक सरकारी जर्मन विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राचा थोडा आकार असतो, हे खरे आहे. पण सगळीकडे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो लावायला सुरुवात केली, ती नेमकी मी गेले त्याच हिवाळी सत्रापासून. ज्या सल्लागाराकडे मी आधी गेले होते, त्याने मला त्याच राज्यातले विद्यापीठ सुचवले आणि शुल्काचा शब्दही काढला नाही. मला ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वाचून कळले. तेव्हापासून मी पालकांना सांगते की सल्लागाराला पैसे द्या किंवा देऊ नका, पण विद्यापीठाचे पान मुलीने स्वतः वाचलेच पाहिजे.

शिवाय ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खर्चाची रक्कम आगाऊ भरून ठेवण्याचे खाते. माझ्या वेळी ती 8,640 युरो होती, सप्टेंबर 2024 पासून 11,904 युरो झाली. शंभर रुपयांचा युरो धरला, तरी बारा लाखांच्या जवळ जाते. हे शुल्क नव्हे, तो पैसा मुलीचाच असतो आणि महिन्याला 992 युरो तिला परत मिळतात. तो तिथे काम करून उभा करता येईल, असे मात्र समजू नका. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, पण हे खाते भरावे लागते निघण्याआधी.

आमच्याकडे तीन एकर भातशेती होती आणि वडिलांना वाटत होते की ती तारण ठेवली की झाले. शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण लागते, आणि शेतजमीन बँक घेत नाही, कारण 2002 च्या सरफेसी कायद्याखालच्या वसुलीतून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या भल्यासाठीच कायद्याने तसे केले आहे. तरीही त्या दिवशी बँकेच्या पायऱ्या उतरताना वडील काही बोलले नाहीत, ते मला अजून आठवते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर घर उभे होते, ती त्या टेबलावर चालली नाही. शेवटी मामांनी वडगावातले आपले घर तारण दिले. ज्यांच्याकडे असे मामा नाहीत, त्यांनी गावठाणातल्या घराचा ई-स्वत्तू (ग्रामपंचायतीचा मालमत्तेचा संगणकीय) उतारा वेळेत काढून बँकेला दाखवावा, आणि 1892 पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देणाऱ्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटकडेही अर्ज करावा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी एक गोष्ट सीमाभागात विशेष सांगावी लागते. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे. आपला रहिवासी दाखला कर्नाटकचा, तेव्हा आपण कर्नाटकची 'प्रबुद्ध' योजना आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पाहायची. कोल्हापूरच्या पाहुण्यांचे ऐकून चुकीच्या दारात वर्ष घालवलेले एक घर मला माहीत आहे.

गेल्या रविवारी शेजारच्या गावातल्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, मराठी शाळेतली. बाईंनी तोच प्रश्न विचारला. मी मुलीला दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि जन्मदाखला सोप्यात चटईवर मांडायला सांगितले. आधारवर आईच्या नावात एक अक्षर वेगळे निघाले. मुलीने वही काढून ते लिहून घेतले, आणि बाईंनी विचारले, "हे दुरुस्त करायला कुठं जायचं?"