पाच वर्षं की पाच महिने?

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा त्यांचा आरोग्य विमा तिसऱ्या वर्षात होता. कॅशलेस नाकारलं, म्हणून पैसे भरून डिस्चार्ज घेतला आणि नंतर क्लेम टाकला. तीन आठवड्यांनी पत्र आलं: पॉलिसी घेताना उच्च रक्तदाबाची माहिती दडवली, सबब क्लेम नामंजूर. बाबा पैशांबद्दल काहीच बोलले नाहीत. "मी खोटं बोललो असं लिहिलंय त्यांनी," एवढंच म्हणाले.

मी केसपेपरच्या प्रती मागवल्या. दाखल करतानाच्या पानावर, रात्री दोन वाजता घाईघाईत लिहिलेली ओळ सापडली: 'एचटीएन, ५ वर्षं', म्हणजे पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब. ती माहिती मीच दिली होती, आणि मी पाच महिने म्हणाले होते. सगळा क्लेम त्या एका शब्दावर अडला होता.

डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घेऊन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पाठवलं, विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रार पोर्टलवरही तक्रार नोंदवली. उत्तर तेच आलं. पण हा टप्पा टाळता येत नाही. कंपनीनं लेखी तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तरच विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं, तेही वर्षाच्या आत.

लोकपाल की ग्राहक आयोग, यावर घरात दोन दिवस चर्चा चालली, कारण एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. लोकपालांकडे फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला पटला नाही तर आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. हे शेवटचं ऐकल्यावर बाबांनी अर्जावर सही केली.

बाबांचे एक मित्र निवृत्त वकील आहेत. त्यांना कागद दाखवले तर म्हणाले, "अगं, नंतर लिहून घेतलेलं पत्र कुणीही आणतं. आधीचे कागद शोध." बाबांच्या जुन्या कागदांची पिशवी मी जमिनीवर ओतली. दोन गोष्टी मिळाल्या. एक, निवृत्तीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, पॉलिसीच्या चार महिने आधीची: बीपी १२४/८०. दुसरी, आमच्या फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी. वर तारीख, ऑपरेशनच्या पाच महिने आधीची. खाली रक्तदाबाची पहिली गोळी आणि 'आठ दिवसांनी पुन्हा बीपी'. घडीवर ती फाटायला आली होती.

सुनावणी व्हिडिओवर झाली, जेमतेम वीस मिनिटं. कंपनीच्या प्रतिनिधींनी केसपेपरची ओळ वाचली आणि डॉक्टरांचं पत्र ही पश्चातबुद्धी आहे म्हणाले. वकील काकांचं म्हणणं किती खरं होतं ते तेव्हा कळलं. लोकपालांनी कंपनीच्या प्रतिनिधींना विचारलं, "पाच वर्षं उपचार चालू होते असं दाखवणारा दुसरा एखादा कागद? चिठ्ठी, औषधाचं बिल?" त्यांच्याकडे काहीच नव्हतं. विमेदारानं माहिती दडवली हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते, सर्वोच्च न्यायालयानं हे अनेकदा सांगितलंय. मला ते आधी माहीत असतं तर सुनावणीच्या आदल्या रात्री थोडी झोप लागली असती. मग लोकपालांनी बाबांना गोळी कधी सुरू झाली ते विचारलं. बाबांनी चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरली. हात थरथरत होता, अक्षर दिसेना. मी त्यांचं मनगट धरून ठेवलं.

काही आठवड्यांनी निवाडा हातात पडला. हातमोजे वगैरे विम्यातून न मिळणाऱ्या बाबी वजा करून बाकी रक्कम द्यायची होती, आणि ती द्यायला कंपनीला ३० दिवस होते. मुदतीत पैसे आले.

बाबांनी रक्कम पाहिली नाही. त्यांनी आधी ते पान उलटून माहिती दडवल्याचं सिद्ध होत नाही ही ओळ शोधली, आईला मोठ्यानं वाचून दाखवली आणि मला म्हणाले, "याची झेरॉक्स काढ. त्या नामंजुरीच्या पत्राला लावून ठेवू."