८४ मार्कांचं पोस्टमॉर्टेम

आजच्या एमबीए सीईटीच्या (महाराष्ट्रातली एमबीए प्रवेश परीक्षा) मॉकला, म्हणजे सराव पेपरला, २०० पैकी ८४. आई विचारत होती किती पडले, सांगितलं चौऱ्याऐंशी, तर म्हणाली मग चांगलेच आहेत की गं. शंभरपैकी समजली बहुतेक, मी पण काही बोलले नाही, चहा घेऊन सटकले.

गंमत म्हणजे चुकलेत फक्त २१. सोडलेलेच ९५ आहेत! आणि एमबीए सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, या मॉकला प्रश्नाला पाच पर्याय होते, म्हणजे त्या ९५ ना डोळे मिटून टिक केलं असतं तरी सरासरी १९ मार्क फुकटचे आले असते.

हे सगळं कॅटचं, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचं, भूत आहे. नोव्हेंबरपर्यंत डोक्यात एकच, खात्री नसेल तर हात लावायचा नाही, चुकलं की मार्क कापणार, प्रत्येक सेक्शनला ४० मिनिटं बांधलेली. इथे सगळं उलटं, १५० मिनिटांत २०० प्रश्न म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि सेक्शनला वेगळा टाइमर नाही, कुठूनही कुठेही उडी मारा. आणि मी काय करत होते, तर एका पझलमध्ये गोल टेबलाभोवती आठ माणसं बसवत होते, दहा मिनिटं! बसली शेवटी, पाच मार्क मिळाले, पण तेवढ्या वेळात हिशोबाने तेरा प्रश्न होतात, आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या (क्रम ओळखायच्या) आकृत्या तर उघडल्यासुद्धा नाहीत.

ग्रुपवर टाकलं तर सगळ्यांचं एकच, अजून मॉक दे. मला नाही पटत. संध्याकाळी टाइमर न लावता सोडलेले सगळे परत बघितले, अर्ध्याहून जास्त सरळ येत होते, सिलॉजिझम (विधानांवरून निष्कर्ष), कोडिंग (अक्षरांचे संकेत), व्हर्बलचे म्हणजे इंग्रजीचे सोपे सोपे. म्हणजे येत नाही असं नाही, निवड चुकतेय. मग नुसते अजून मॉक देऊन काय होणारे?

आता व्हर्बल आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आधी उरकायचं, सिंगल प्रश्नवालं लॉजिकल नंतर, पझलचे सेट सगळ्यात शेवटी, आणि शेवटची पाच मिनिटं फक्त तुक्के. क्वांटचं (गणिताचं) अजून ठरत नाहीये, डीआयचे, म्हणजे आकडेवारीवरच्या प्रश्नांचे, टेबल आधी घेतले की बाकीचं राहतं आणि नंतर ठेवले की डोकं चालत नाही.

मुंबईच्या जमनालाल बजाज कॉलेजला ९९.९ पर्सेंटाइलच्या पुढे लागतात म्हणे, तो विषय सध्या बंद. उद्या मॉक नाही, नुसतं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, घड्याळ लावून.