झाकून ठेवलेले पोहे

इंदूर सोडलं त्या दिवशी सकाळी मी आईच्या हातचे पोहे खाल्ले नाहीत. बस, एवढंच. फौजेत आल्यावर पस्तावायला याच्यापेक्षा मोठमोठ्या गोष्टी असतात आणि त्या माझ्याकडेपण आहेत, पण रात्री दोनच्या संतरी ड्यूटीला उभा राहिलो की डोळ्यासमोर येते ती ओट्यावरची एक स्टीलची ताटली, आणि तिच्यावर उपडी घातलेली दुसरी.

आमच्याकडे पोह्यांवरून कायमची भांडणं. तीन पिढ्या रामबागेत काढल्या तरी आई पोहे करणार ते आपले फोडणीचे, कांदा, शेंगदाणे, वरून ओलं खोबरं आणि लिंबाची फोड. आणि मला पाहिजेत बाहेरचे, इंदुरी, खाली उकळत्या पाण्याचं पातेलं आणि वर पोह्यांचा ढीग, वाफेवर तासन्‌तास मऊ राहिलेले, बडीशेपवाले, जरासे गोड, वर मूठभर सेव, कच्चा कांदा, जिरावन, आणि बाजूला जलेबी. आई म्हणायची, ते काय पोहे आहेत का, सेव खायचं निमित्त आहे नुसतं. जिरावनचा तर तिला रागच. जिरं, धणे, आमचूर, काळं मीठ, हिंग, सगळं एकदम टाकलं की पदार्थाची चव राहते कुठे, हा तिचा मुद्दा, आणि माझा मुद्दा असा की चव तिथूनच सुरू होते.

तर जायच्या दिवशी संध्याकाळची जबलपूरची ओव्हरनाइट एक्सप्रेस होती. सकाळीच मित्रांचा फोन, चल भिया, राजवाड्यावर शेवटचे पोहे खाऊ. गेलो. दोन प्लेट हाणल्या, फोटो काढले, घरी आलो तोपर्यंत साडेदहा झालेले. आईने झाकून ठेवले होते. मी म्हटलं, पोट भरलंय गं, नंतर खातो. मग बॅग, कागदपत्रं, शेजारच्या काकू, आजीचं अंगाऱ्याचं बोट, आणि ते नंतर काही आलंच नाही. गाडी सुटून तासाभराने डबा उघडला तर पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि कॉफीच्या रिकाम्या बाटलीत गळ्यापर्यंत भरलेलं जिरावन. म्हणजे ही बाई स्वतः दुकानात जाऊन घेऊन आली होती. तेव्हा आठवली ती ताटली.

खरं सांगायचं तर फौजेचं वेड महूमुळे, आमच्या इंदूरजवळची फौजी छावणी. आता नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, 2003 पासून, पण तोंडात महूच बसलंय. इंदूरहून तेवीसेक किलोमीटर. पावसाळ्यात पातालपाणीच्या धबधब्यावर बाइकने जाताना छावणीतून जायचो तेव्हा पळणारे जवान दिसायचे, एका तालात पडणारे बूट, आणि वाटायचं हे काहीतरी आहे यार. एकदा तिथे एका ठेल्यावर एक जवान बघितला होता, माझ्याच वयाचा असेल, दाक्षिणात्य वाटत होता. हातात पोह्यांची प्लेट, कानाला फोन, अर्धा तास झाला तरी प्लेट तशीच. आम्ही हसलो होतो, म्हटलं भाऊ पोहे गार करून राहिलाय. आता कळतं तो काय करत होता.

मला सिग्नल्स, म्हणजे फौजेचं संदेशवहनाचं खातं, मिळालं तेव्हा आईला वाटलं पोरगा महूलाच राहणार, कारण सिग्नल्सचं मोठं कॉलेज तिथेच आहे ना. तिला समजवता समजवता नाकी नऊ आले की ते मुख्यतः अफसरांचं असतं, आमचं ट्रेनिंग जबलपूरला. जबलपूरला पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांनी, विचारलं, कहाँ से हो, म्हटलं इंदौर, झालं, झाडू हातात. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर आहे ना तुमचा, दाखव मग. पूर्ण ट्रेनिंगभर बैरकचा कोपरा न् कोपरा मी झाडला. घरी मी कधी पाण्याचा ग्लास उचलून ठेवला नव्हता, आणि सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की उशी कानावर घ्यायचो. आज ते गाणं कोणी वाजवलं तर मी रडेन, खोटं नाही सांगत.

बाकीचा पस्तावा म्हणजे बाबांशी भांडून आलो तो. ते म्हणत होते ग्रॅज्युएशन कर मग जा, अग्निवीर म्हणजे चारच वर्षं, त्यातून पक्के होणार शंभरातले पंचवीस, पुढे काय. मी म्हटलं महिना 21 हजार हातात येणार, तुमच्याकडे मागणार नाही. असं बोलायला नको होतं. पैसे येतात, वेळेवर येतात, पण सुट्टी वर्षाला 30 दिवस, आणि रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या झाक्या म्हणजे देखावे, सगळं एका सुट्टीत बसत नाही.

आता जिथे आहे ती जागा सांगता येत नाही, साडेतीन हजार मीटरच्या वर आहे एवढं समजा. इथे पाणी शंभरला नाही, 88 च्याही खालीच उकळतं, त्यामुळे डाळ कुकरशिवाय शिजतच नाही आणि चहा ओठाला लागेपर्यंत कोमट. मागच्या रविवारी बिहारच्या एकाला घरून चूडा आला, पोहेच ते, म्हटलं आण इकडे, तुम्हाला इंदूर खाऊ घालतो. लंगरमध्ये, म्हणजे आमच्या फौजी स्वयंपाकघरात, पातेलं चढवलं, वर चाळणीत पोहे. मऊ झाले, पण ताटात घेतले की मिनिटात थंडगार. सेव नव्हती, शक्करपारे होते. वरून जिरावन भुरभुरलं, बाटलीत आता दोन बोटं उरलंय. बिहारवाला म्हणाला दह्याबरोबर खातात रे हे. केरळवाला म्हणाला अवल, म्हणजे त्यांचे पोहे, म्हणजे गूळ आणि ओलं खोबरं, बाकी सगळं पाप. असे भांडलो की बुखारीच्या शेगडीजवळ झोपलेला हवालदार उठून ओरडला. आणि गंमत म्हणजे मी भांडत होतो आईच्या बाजूने, फोडणी पाहिजे, शेंगदाणे पाहिजेत, खोबरं तर पाहिजेच.

त्याच संध्याकाळी फोन केला. इथे नेटवर्क एका दगडापाशीच येतं, आणि आम्ही सिग्नल्सवाले, दिवसभर दुसऱ्यांच्या लाइनी चालू ठेवणारे, रांगेत उभे त्या दगडापाशी. आईला म्हटलं, मी गेलो त्या दिवशीचे पोहे, त्यांचं काय झालं गं? मला वाटलं तिला आठवणारच नाही.

"अरे, बरं झालं नाही खाल्लेस," ती म्हणाली, "मिठाचा कण नव्हता त्यात. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं त्या दिवशी. रात्री तुला सोडून आल्यावर बाबांनी ते तसेच खाल्ले, एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भांडं घासताना मी एक दाणा तोंडात टाकला तेव्हा कळलं."

मी म्हटलं, बाबांना फोन दे. तेवढ्यात मागचा केरळवाला घड्याळ दाखवायला लागला.